‘इन्क्विझिटर’ म्हणजे नुसता तपासनीस का?

शोधयात्री
मराठीत गोव्याच्या इतिहासावर वाचताना ‘इन्क्विझिटर’ शब्द आला की डोळ्यांपुढे छळ आणि चिताच येतात. १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडली तर इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायासन, गोव्यात ठाण मांडून होतं, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण लॅटिन भाषेतला हा शब्द मुळात असा नव्हता. ‘क्वेरेरे’ म्हणजे शोधणे. त्यापासून ‘इन्क्विरेरे’, खोलात शिरून शोध घेणे, आणि तो घेणारा तो इन्क्विझिटर. मग तो हेर असो, की खटल्यासाठी पुरावे गोळा करणारा.

रोमन वकील सिसेरोचंच बघा. इ.स.पू. ७० मध्ये सिसिलीचा माजी गव्हर्नर व्हेरेस याच्यावर लुटीचा खटला भरला, तेव्हा पुराव्यांसाठी सिसेरोला ११० दिवस मिळाले होते. त्याने ५० दिवसांत सिसिली पालथी घातली. सिराक्यूजमध्ये कर-ठेकेदारांच्या वह्यांत त्याला ‘व्हेरुकिअस’ नावाच्या कुणाचे तरी मोठमोठे व्यवहार दिसले. या नावाची सुरुवातीची अक्षरं स्वच्छ होती, शेवटची मात्र प्रत्येक ठिकाणी खोडून गिरवलेली. या नावाचा माणूस सिसिलीत कुणालाच ठाऊक नव्हता. ‘व्हेरेस’चंच शेपूट बदललं होतं! याला मी अस्सल तपास म्हणतो. शब्दावरचा डाग नंतरचा आहे, आणि तो मूळ अर्थाच्या माथी मारू नये. म्हणून मराठीत ‘इन्क्विझिटर’ला मी ‘तपासनीस’ लिहितो.

मांडवीकाठ
साफ असहमत. याच ‘क्वेरेरे’पासून ‘क्वेस्टिओ’ आला. त्याचा अर्थ चौकशी, आणि छळ करून घेतलेली जबानी हाही. रोमन कायद्यात गुलामाची साक्ष छळाखाली घेतलेली असेल तरच ग्राह्य धरत. म्हणजे चौकशी आणि छळ या दोन्हींना एकच शब्द चर्चच्या कितीतरी आधीपासून होता. तुम्ही सिसेरोच्या वह्या दाखवता, पण त्याच रोममध्ये गुलामाला विचारायची रीत काय होती तेही सांगा ना.

वाचनवेडी
मध्येच विचारते, ‘क्वेस्टर’ पण याच घरातला का?

शोधयात्री
हो. क्वेस्टर म्हणजे पुढे मुख्यतः खजिन्याचा अधिकारी. सिसेरो स्वतः इ.स.पू. ७५ मध्ये सिसिलीतच क्वेस्टर होता, म्हणून तिथली माणसं त्याच्या ओळखीची होती. ‘क्वेसिटर’ म्हणजे फौजदारी चौकशीचा प्रमुख. रोमन कवी व्हर्जिलने पाताळात न्याय करणाऱ्या मिनॉसला हाच शब्द लावलाय. इटलीत आज प्रांताच्या पोलीसप्रमुखाला ‘क्वेस्तोरे’ म्हणतात.

कायदेपंडित
वकिलीच्या अंगाने बोलतो. तुम्ही दोघं शब्दाला धरून बसलात, पण खरा फरक कामाच्या वाटणीत आहे. सिसेरोने पुरावे जमवले, निकाल मात्र त्याच्या हातात नव्हता. समोर हॉर्टेन्सिअससारखा नामांकित वकील उभा होता, निकाल ज्यूरीने द्यायचा होता. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने चर्चच्या कोर्टांत दुसरी पद्धत पक्की केली. फिर्यादी नसला तरी नुसत्या बोभाट्यावरून न्यायाधीशाने स्वतःच चौकशी सुरू करायची. १२३१ पासून नवव्या ग्रेगरी पोपने पाखंड्यांसाठी खास इन्क्विझिटर नेमायला सुरुवात केली, आणि १२५२ मध्ये चौथ्या इनोसंटने छळाला परवानगी दिली. आरोप ठेवणारा, तपास करणारा आणि निकाल देणारा तोच झाला की आरोपीने दाद मागायची कुणाकडे?

फ्रेंच वैद्य शार्ल देलों याला १६७३ मध्ये दमणला पकडून पुढे गोव्याला आणलं. गुन्हा काय ते सांगितलं नाही. तुला का पकडलंय हे तूच ओळखून कबूल कर, असं त्याला सांगत होते. साक्षीदारांची नावं गुप्त. १६७६ मध्ये शिक्षा झाली, सुटल्यावर त्याने हे सगळं लिहून काढलं. ‘तपासनीस’ म्हटल्याने यातलं काय कळणार?

शोधयात्री
तुमचं म्हणणं पटतं, पण त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. दोष पद्धतीचा आहे. पोर्तुगालच्या राजांनी १२२० आणि १२५८ मध्ये ‘इन्क्विरिसोंइश’ केल्या, म्हणजे गावोगाव साक्षी घेऊन जमिनींचे हक्क तपासले, आपल्याकडे इंग्रजांच्या इनाम कमिशनने तपासले तसे. शब्द त्याच घरातला. आणि फ्रान्समध्ये आजही गंभीर गुन्ह्यांत तपासाची सूत्रं न्यायाधीशाकडे असतात, फक्त शिक्षा तो देत नाही.

मांडवीकाठ
इनाम कमिशनमुळे किती घराणी रस्त्यावर आली हेही आठवा. चौकशी करणाऱ्याच्या हातात सत्ता असते आणि समोरचा निःशस्त्र असतो, हे ‘निर्दोष’ अर्थातही आहेच.

आणि गोव्याचं म्हणाल तर गार्सिया द ओर्ता घ्या. भारतातल्या औषधी वनस्पतींवर एवढं मोलाचं काम केलेला माणूस १५६८ मध्ये वारला. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली, कारण तो लपून यहुदी धर्म पाळत होता असं ठरवलं. बारा वर्षं जमिनीखाली असलेल्या माणसाला कसलं उत्तर विचारणार होते? गोव्याच्या लोकांना लॅटिन येत नव्हतं. त्या कचेरीला ते ‘व्हडलें घर’ म्हणायचे, मोठं घर, आणि तिथे कोण बसतं ते त्यांना पुरेपूर कळत होतं. मग आपण मराठीत सौम्य शब्द का शोधायचा?

शोधयात्री
गोव्यापुरतं मान्य. तिथे मी ‘इन्क्विझिटर’च लिहीन, ‘धर्मसमीक्षक’ तर अजिबात नाही, त्याने एखादा ग्रंथपरीक्षक वाटतो. सिसेरोसाठी मात्र ‘तपासनीस’च ठेवणार.

मांडवीकाठ
सिसेरोसाठी ठेवा. पण रोमन गुलामाच्या जबानीचा प्रसंग आला की ‘क्वेस्टिओ’ला ‘चौकशी’ लिहू नका, तिथे ‘छळ’ असंच छापा.