साउथ पार्स : रेषा ठरली, वायूचं काय?

प्रश्न असा की पर्शियन आखाताखालचं इराण-कतारचं वायूक्षेत्र एकच (इराणकडचा भाग साउथ पार्स), मग दोघं मिळून वायू का काढत नाहीत? सीमेचं भांडण इथे नाहीच, ती १९६९च्या करारात ठरली. साठा रेषेपलीकडे पसरलेला निघाला तर परस्पर संमतीशिवाय रेषेपासून १२५ मीटरच्या आत विहीर खणायची नाही, हेही त्यातच आहे. पण क्षेत्र सुमारे ९,७०० चौ. किमी (कतारकडे ६,०००, उरलेलं इराणकडे) आणि वायू कमी दाबाकडे, म्हणजे जो जास्त काढेल त्याच्याकडे, सरकणार. तिथे १२५ मीटरने काय होतंय?

एकत्र काढायचं तर आधी विहिरींचा डेटा एकमेकांना द्यायचा, साठ्याचं एकच मॉडेल मान्य करायचं, त्यावरून टक्के ठरवायचे, एक ऑपरेटर नेमायचा आणि काही वर्षांनी फेरमोजणी. ब्रिटन-नॉर्वेने उत्तर समुद्रातल्या फ्रिग वायूक्षेत्रात हे केलं, वाटे ३९.१८ आणि ६०.८२ टक्के. दशांशापर्यंत भांडले, पण मित्र म्हणून! इथे पहिल्याच पायरीवर अडतं, कारण डेटा देणं म्हणजे हातातले पत्ते दाखवणं.

उशिराची किंमत दाबात मोजावी लागते. दाब एका मर्यादेखाली (दवबिंदूखाली) गेला की कंडेन्सेट, म्हणजे वायूत मिसळलेलं हलकं तेल, विहिरीभोवतीच्या खडकात द्रवरूपात साचतं आणि वायूची वाट अडवतं. वायूचा दाब वाढवणाऱ्या कॉम्प्रेसर प्लॅटफॉर्मने प्रवाह टिकतो, खडकात अडकलेलं बहुतेक परत मिळत नाही. आणि तसे प्लॅटफॉर्म अमेरिकी निर्बंधांखाली उभारणं इराणला जड जातं. २०१८मध्ये टोटल ही फ्रेंच तेल कंपनी साउथ पार्सच्या अकराव्या टप्प्यातून बाहेर पडली ती या निर्बंधांमुळेच. कतारने मात्र २००५ ते २०१७ नवे प्रकल्प स्वतःहून थांबवले होते, हे सहसा कुणी सांगत नाही.