पवई तलावातला बुडी मारणारा पक्षी कोणता?

प्रश्न: बदकाच्या पिल्लाएवढा, तपकिरी. बुडतो आणि भलतीकडेच वर येतो. फोटो मिळतच नाही.

उत्तर १: टिबुकली. पिल्लू नव्हे, पूर्ण वाढलेली २५-२९ सेंमीच भरते. चोच बघा: बदकासारखी चपटी नाही, टोकदार, शेपूट जवळपास नाहीच. विणीच्या काळात गाल-मान तांबूस, चोचीच्या मुळाशी पिवळट ठिपका. एरवी रंग फिका, तिथेच गफलत होते.

उत्तर २: बुडाली तिथेच कॅमेरा रोखू नका, आजूबाजूचं पाणी बघा, १०-२० सेकंदांत वर येते. कॅमेऱ्याचा शटर-वेग १/१००० सेकंद ठेवा. पाणवनस्पतीत ओल्या पाल्याचा तरंगता ढीग दिसला तर लांब राहा, ते घरटं असू शकतं. उठताना ती अंडी पाल्याने झाकते. आणि हो, पवईत मगरी आहेत, अगदी काठाशी बसू नका!