मार्क नसलेली पोर्सेलीनची बाहुली, जुनी असेल का?

आजीच्या ट्रंकेत बाहुली सापडली, डोकं नि हातपाय पोर्सेलीनचे, अंग कापडाचं, आत भुसा. केस काळे, रंगवलेलेच. नाव-नंबर कुठेच नाही. कुठली असेल?

— चेहरा चकचकीत की मॅट? मॅट असेल तर बिस्क, म्हणजे ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) न दिलेलं पोर्सेलीन. चकचकीत म्हणजे चायना हेड, ग्लेझवाल्या पोर्सेलीन डोक्याची बाहुली, १९व्या शतकात जर्मनीत थुरिंजियाकडे ढिगाने बनायच्या, बऱ्याचशांवर मार्क नसायचाच.

— चकचकीत आहे ताई! डोळ्यांवर बारीक लाल रेघ पण आहे.

— रेघ चांगली खूण आहे. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, पण आपल्याकडे आलेल्या मालाला तो नियम कुठे, तेव्हा मार्क नाही म्हणजे त्याआधीचीच असं धरू नका. बुटाला टाच आहे का बघा, सपाट बूट सहसा जास्त जुने. आणि धुवू नका हां, भुसा कुजेल!

— टाच आहे 😅