व्यंगचित्र, व्यंग्यचित्र आणि महापालिकेचा ‘ढपला’

रेघोट्या
आमच्या वाचनालयात स्थानिक दैनिकांमधल्या जुन्या चित्रांचं छोटं प्रदर्शन मांडतोय. विषय सगळे महापालिकेचे: पाणीकपात, खड्डे, कचरा डेपो, महापौर निवडीची पळवापळवी. कात्रणं एका निवृत्त कंपोझिटरकाकांनी जपून ठेवलेली, त्यात कोल्हापूरची बरीच. फलक रंगवायला दिला आणि पहिल्याच शब्दावर समितीत जुंपली. संस्कृतच्या एक निवृत्त बाई म्हणतात, ‘व्यंगचित्र’ अशुद्ध आहे, ‘व्यंग्यचित्र’ लिहा. व्यंग म्हणजे शरीरातलं न्यून, त्याचं चित्र काढून हसायचं काय कारण? खजिनदार म्हणतात, सरळ ‘कार्टून’ लिहा, पोरंटोरं तरी आत येतील. शिवाय चित्रांखालच्या ओळींत ‘ढपला’, ‘कारभारी’ असले शब्द आहेत. मी नाशिककडचा, मला ते अंदाजाने कळतात, पण चौकटीत अर्थ द्यायचा तर नीट द्यायला हवा. जाणकारांनी हात द्यावा.

शब्दवेडी
बाईंचं अर्धं बरोबर आहे. हे दोन शब्द मुळात वेगळे. व्यंग म्हणजे वि + अंग, अंगात उणं असलेलं. व्यंग्य येतं ‘वि + अञ्ज्’वरून, ज्यावरून व्यंजना आली. काव्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती: अभिधा, लक्षणा, व्यंजना. त्यांचे अर्थ अनुक्रमे वाच्य, लक्ष्य आणि व्यंग्य. जो अर्थ बोलला जात नाही पण ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो तो व्यंग्य. हिंदीत आजही उपहासाला ‘व्यंग्य’च म्हणतात आणि ‘व्यंग’ लिहिलं की तिथले शुद्धलेखनवाले डोळे वटारतात.

मराठीत मात्र शेवटचा य कधीच गळून पडला. ‘व्यंगोक्ती’ आपण सर्रास लिहितो आणि त्यात कुणाला पंगूपण दिसत नाही. ‘व्यंगचित्र’ पिढ्यान्‌पिढ्या छापलं जातंय, कोशात आहे, संमेलनांच्या फलकावर आहे. उच्चारातही ‘व्यंग्यचित्र’ म्हणून बघा, जीभ दोनदा अडखळते. बाईंना सांगा, व्युत्पत्ती तुमची, शब्द आमचा.

एक मान्य करते. ‘शारीरिक व्यंग’ हा प्रयोग आता खटकतो, सरकारी कागदात ‘दिव्यांग’ आला, त्यामुळे ‘व्यंग’ ऐकलं की नव्या वाचकाच्या डोक्यात तोच अर्थ आधी येतो. पण म्हणून जोडशब्द बदलायची गरज नाही. आणि खरं सांगायचं तर महापालिकेवरच्या चित्रांना व्यंग हा शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो. उणं दाखवायचं आणि न बोलता दाखवायचं.

पेठकर
शब्दवेडीताई, लक्षणेचं नाव काढलंत म्हणून. ‘गङ्गायां घोषः’ हे उदाहरण आम्हाला बी.ए.ला होतं. गंगेवर गवळीवाडा. आता वाहत्या पाण्यावर वाडा कसा असेल? म्हणून वाच्यार्थ सोडायचा आणि ‘गंगेच्या काठावर’ असा लक्ष्यार्थ घ्यायचा. आणि तिथला गारवा, पावित्र्य हा व्यंग्यार्थ. आमच्या पुण्यात हे उदाहरण शिकवताना मास्तरांची पंचाईत होत असणार. इथे निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे जिथे बांधायला मनाई तिथेच, खुशाल बांधकामं उभी राहतात. नदीपात्रात वाडा म्हणजे नदीपात्रातच वाडा, लक्षणा लागतच नाही! व्यंगचित्रकाराची अडचण हीच आहे. तो जे अतिशयोक्तीने काढणार ते महापालिकेने आधीच मंजूर केलेलं असतं.

गिरगावकर
खजिनदारांच्या ‘कार्टून’ची हकिकत पण मजेशीर आहे. इटालियनमध्ये ‘कार्तोने’ म्हणजे जाड कागद. भिंतीवर चित्र रंगवण्याआधी चित्रकार जाड कागदावर पूर्ण आकाराचं कच्चं रेखाटन करायचे, त्याला कार्टून म्हणत. लंडनच्या नव्या पार्लमेंटच्या भिंती रंगवण्यासाठी असली रेखाटनं मागवली आणि १८४३ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. तिथल्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने लगेच खोडी काढली. जॉन लीचचं चित्र छापलं: फाटक्या कपड्यांतली गरीब माणसं प्रदर्शनातली भपकेबाज चित्रं बघताहेत. त्यावर मथळा ‘कार्टून’. लोकांना भाकरी हवी आणि सरकार भिंती रंगवतंय, असा टोला. तेव्हापासून शब्दाचा अर्थच फिरला. म्हणजे कार्टून या शब्दाच्या जन्मातच सुशोभीकरणावरची टीका आहे. उड्डाणपुलाच्या खांबांवर फुलपाखरं रंगवणाऱ्या आपल्या महापालिकांना हे कळवायला हवं.

आपल्याकडे मुंबईला ते वारं लवकरच लागलं, ‘पारसी पंच’ आणि पुढे ‘हिंदी पंच’ त्याच वळणाचे. ‘हिंदी पंच’मध्ये महापालिकेतले पुढारी फिरोजशहा मेहता वारंवार भेटतात, मुंबई महापालिकेचं राजकारण तेव्हापासून चित्राचा विषय आहे.

तरी फलकावर ‘कार्टून’ नको. मराठीत त्याला दोन शेपट्या लागल्यात. एक, टीव्हीवरची पोरांची मालिका. दोन, ‘काय कार्टून आहे तो!’ म्हणजे विचित्र वल्ली. त्यातून ‘कार्टं’शी कानाने सोयरीक. दैनिकातल्या आतल्या पानावरच्या एककॉलमी चित्राला मात्र ‘पॉकेट कार्टून’ हाच शब्द चालतो, त्याला मराठी कुणी केलेला टिकला नाही. तो तसाच ठेवा.

शब्दवेडी
आणि ‘अर्कचित्र’ विसरू नका. नेत्याचं नाक, पोट, चष्मा फुगवून काढलेला चेहरा तो अर्कचित्र. इंग्रजीतल्या ‘कॅरिकेचर’ शब्दाच्या मुळाशी इटालियन ‘लादणे, भार घालणे’ आहे. मराठीने उलट वाट धरली: भार घालायचा नाही, आटवायचं. माणसाचा अर्क काढायचा. शिवाय ‘तो एक अर्क आहे’ हा अर्थ फुकटात मिळतो. माझ्या मते मराठीने केलेल्या प्रतिशब्दांत याच्या तोडीचे थोडेच. ‘हास्यचित्र’ तिसरं. शि. द. फडणीसांची शब्दांवाचूनची चित्रं हास्यचित्रं, त्यांत कुणावर वार नाही. रेघोट्या, तुमच्या फाइलीत तसली असतील तर वेगळी लावा.

सांडगे
कृपा करून फलकावर ‘कुंचल्याचे फटकारे’ लिहू नका. हा प्रयोग आता फक्त श्रद्धांजलीत उरलाय. दैनिकात चित्र काढणाऱ्याच्या हातात टाक असे, मग पेन आलं, आता टॅबलेटवरची काडी.

गिरगावकर
सांडगे 😄 पटलं. ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या शंकरराव किर्लोस्करांनी निदान आपल्या व्यंगचित्रांना ‘टाकांच्या फेकी’ म्हटलं होतं, टाक होता म्हणून टाक.

त्यावरून ‘मार्मिक’ आठवलं. १३ ऑगस्ट १९६०, बाळासाहेब ठाकऱ्यांचं साप्ताहिक, नाव प्रबोधनकारांनी सुचवलेलं. मार्मिक म्हणजे मर्मावर घाव घालणारं. मर्म म्हणजे जिथे लागलं तर माणूस आडवा होतो ती जागा. सुश्रुताने १०७ मोजली आहेत. आज मात्र ‘मार्मिक टिप्पणी’ म्हणजे सभेत अध्यक्षांनी केलेलं हलकंसं, कुणालाच न लागणारं विधान. एवढ्या धारदार शब्दाची धार वापरून वापरून गेली. ‘खोचक’ आणि ‘बोचरा’ अजून शाबूत आहेत.

रंकाळा
उशिरा आलो. आता आमचं ऐका. ढपला हा कोल्हापूरचा राष्ट्रीय शब्द आहे बघा. कामाच्या रकमेतनं मधल्यामध्ये काढून घेतलेला तुकडा म्हणजे ढपला, आणि तो ‘पाडतात’. खात नाहीत, घेत नाहीत, पाडतात. ‘त्या ड्रेनेजच्या कामात बऱ्यापैकी ढपला पाडला.’ लाकूड तासताना ढलपा निघतो ना, त्याचाच ढपला झालेला दिसतोय. चिकटणे-चिटकणे होतं तसं. म्हणून पाडणे. अख्खं खोड न्यायचं नाही, कडेकडेनं एकेक ढलपी काढायची. अर्थ लिहिताना नुसतं ‘भ्रष्टाचार’ लिहू नका हो. भ्रष्टाचार पेपरातल्या अग्रलेखात असतो. ढपल्यात कौतुकाची एक छटा आहे, पाडणाऱ्याच्या हातचलाखीचं.

‘टक्केवारी’ त्याहून वेगळी. ती ठरलेली असते, टेबलागणिक. ढपला ज्याच्या त्याच्या वकुबावर.

कारभारी म्हणजे खुर्चीवर न बसता महापालिका चालवणारा. महापौर कोण, स्थायी समितीचा सभापती कोण, हे कारभारी ठरवणार. पेशवाईपासूनचा शब्द, फक्त दरबार बदलला. पण चित्रात त्याची खरी गंमत दुसरी. खेड्यात बायको नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणते. २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आल्या. मग चित्र काय निघतंय? सभागृहात नगरसेविका बसलेली, आणि प्रेक्षागॅलरीतनं तिचे ‘कारभारी’ हातवारे करून सांगताहेत, हात वर कर, आता खाली घे. एकाच शब्दात नवरा पण आला आणि सूत्रधार पण. तुमच्या फाइलीत या जातीचं चित्र असणारच.

रेघोट्या
रंकाळाभाऊ, आहे! जवळपास तेच. फरक इतकाच की नगरसेविका त्यांच्याकडे न बघता उलटा हात वर करते आणि कारभाऱ्यांचं तोंड उघडंच राहिलंय. खाली ओळ नाही.

आणखी एक सांगतो, कारण ‘खाणे’ आणि ‘पाडणे’ यांतला फरक त्यामुळे मला कळला. एक जाडजूड सभासद पाटावर बसलाय, समोर केळीचं पान. मिठाच्या जागी सिमेंट, कोशिंबिरीच्या जागी खडी, भाताच्या मुदीवर डांबराची धार. ठेकेदार वाढप्या, कमरेला पंचा, हातात डांबराची पळी, आग्रह करतोय. सभासदाने पानावर आडवा हात धरलाय आणि म्हणतोय: ‘पुरे, नालेसफाईला जागा ठेवायचीय.’ चित्रकाराने वाक्प्रचार उचलून तसाच्या तसा ताटात वाढलाय. शाईने काळा केलेला डांबराचा भाग कागदाच्या मागे उमटलाय, इतकी शाई. पण ‘ढपला’ असा वाढता आला नसता, त्याला तासणी आणि लाकूडच हवं.

पेठकर
हेच तर मराठी व्यंगचित्राचं इंजिन आहे. भिजत घोंगडं, गाजराची पुंगी, वरातीमागून घोडे, तोंडाला पाने पुसणे, सगळं आधीच चित्रमय. पाणी योजना रखडली की चित्रकाराने घोंगडं काढायचं आणि त्यावर योजनेचं नाव लिहायचं. मला यातलं निम्मं आळशी वाटतं, स्पष्टच सांगतो. घोंगड्यावर नाव लिहावं लागलं म्हणजे व्यंजना संपली, वाच्यार्थ सुरू. नालेसफाईचं वाक्य बघा, तिथे काहीच लेबल नाही.

आणि आर. के. लक्ष्मणांचा कॉमन मॅन बघा. १९५१ पासून निघालेली ती चित्रमालिका, चौकटीचा कोट, धोतर, आणि तोंडातून शब्द नाही. तो नुसता हजर असतो. मराठीत त्याला ‘सामान्य माणूस’ म्हटलं की तो लगेच भाषणातला होतो, म्हणून वरळीच्या पुतळ्यालाही लोक कॉमन मॅनच म्हणतात. उलट आपल्या गावोगावच्या चित्रांतला सामान्य माणूस भारी बोलका. पिशवी घेऊन बायकोशी, नाहीतर कट्ट्यावर मित्राशी.

आमच्या पुण्याचे व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर वेगळ्या वाटेचे. वाहतुकीवरची चित्रं छापून चौकात उभे राहून वाहनचालकांना स्वतः वाटायचे. तिथे नगरसेवक नाहीच, सिग्नल तोडणारे आपणच. कागद हातात घेताना लोक हसायचे आणि हिरवा लागायच्या आत निघायचे.

शब्दवेडी
‘सभासद’ म्हणालात म्हणून आठवलं, फलकावर तारखेप्रमाणे शब्द ठेवा. जुन्या कात्रणांत ‘नगरपिते’ सापडतील. तो शब्द चित्रकारांना वरदान होता: पित्याने लेकरांचं ताट पळवलं एवढं काढलं की काम झालं. कायद्याच्या मराठीत ‘पालिका सदस्य’, बोलण्यात ‘नगरसेवक’. सेवक आल्यावर चित्रात हात जोडलेले आले, तेही निवडणुकीपुरते.

मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यातल्या सभागृहांची मुदत संपली, प्रशासक बसले, तेव्हा पात्रच नाहीसं झालं. प्रशासकाचं काय काढणार? फाइल आणि टेबल. त्याला ना टोपी, ना पोट, ना कारभारी.

गिरगावकर
त्याच वर्षी खोकी आली की. मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोट, हे टोळीवाल्यांच्या तोंडचे शब्द. २०२२ च्या सत्तांतरानंतर ‘पन्नास खोके’ विधानभवनाच्या पायऱ्यांवर घुमले आणि पुठ्ठ्याचा खोका काढला की काही लिहायची गरज उरली नाही. पेठकरांच्या कसोटीला उतरेल असं चिन्ह. ‘मुंबईची तुंबई’ मात्र आता बास. दर जूनमध्ये तीच कोटी.

रेघोट्या
मंडळी, ठरलं. मुख्य फलक ‘व्यंगचित्रे’. बाईंना शब्दवेडीताईंचा प्रतिसाद दाखवला, त्या ‘व्यंगोक्ती’पाशी थांबल्या, मग म्हणाल्या, कंसात तरी य द्या. समितीने कंस नाकारला. अर्कचित्रं वेगळ्या भिंतीवर, पॉकेट कार्टून काचेखाली.

ढपल्याची चौकट अशी लिहिलीय: ‘ढपला (पु.): सार्वजनिक कामाच्या रकमेतून शिताफीने काढून घेतलेला हिस्सा. पाडणे या क्रियापदासह. कोल्हापूर.’ ‘शिताफीने’ राहू द्यावं का? खजिनदारांना ते उत्तेजन वाटतंय.

रंकाळा
राहू दे. आणि ‘कोल्हापूर’ काढा, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?