प्रतिसाद: आधी इंजिन, मग नळ

खाऱ्या पाण्यातून आल्यावर नळाच्या गोड्या पाण्याने इंजिन आतून धुण्याबद्दल (फ्लश करण्याबद्दल) वर कुणीतरी 'आउटबोर्डसारखंच (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनासारखंच) आधी नळ सोडा, मग स्टार्टर मारा' असं लिहिलंय. आउटबोर्डला ते बरोबर आहे, पण यामाहाच्या जेट बोटीला किंवा जेट स्कीला नेमकं उलट. आधी इंजिन चालू, लगेच नळ. बंद करताना आधी नळ, मग दोन-तीन वेळा हलकी रेस देऊन साचलेलं पाणी उडवायचं आणि मगच इंजिन बंद. कारण इंजिन बंद असताना नळाचं पाणी एक्झॉस्टमध्ये (धूर बाहेर जाण्याच्या मार्गात) भरत जातं आणि मागे फिरून सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकलाच म्हणून समजा.

पाण्याविना १०-१५ सेकंदांच्या वर इंजिन चालू ठेवू नका. जोडी इंजिन असेल तर दोन्ही वेगवेगळी फ्लश करा. सी-डू या दुसऱ्या ब्रँडची जेट स्की असलेल्यांनो, तुमचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बंद सर्किटमध्ये असलं तरी एक्झॉस्ट बाहेरच्याच पाण्याने थंड होतो, तेव्हा मालवणच्या खाऱ्या पाण्यातून आल्यावर फ्लशमधून सुटका नाही!

आणि हो, इंजिन चालू असताना इनटेकच्या (पाणी आत खेचणाऱ्या तोंडाच्या) जाळीजवळ हात, दोरी, ओढणी काहीही नको. बंद शेडमध्ये तर चालवूच नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.