मदत हवी आहे: पिलांच्या फुफ्फुसात बुरशी निघाली, इकडे बाबांच्या खोकल्यातून रक्त

राजेहो, घाईत लिहितो. गाव दारव्ह्याकडचं. घरामागे कोंबड्यांचं लहान शेड आहे. तूस मिळालं नाही म्हणून ब्रूडरखाली (पिलांना ऊब देणारा दिवा) सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, टाकलं. गंजीच्या बुडाचं, अवकाळीत भिजलेलं. पिलं चोच वासून, मान ताणून श्वास घ्यायला लागली. सर्दीत येते तशी घरघर अजिबात नाही. डॉक्टरांनी मेलेलं पिलू फाडून दाखवलं, फुफ्फुसावर ज्वारीच्या कणीएवढे पिवळट दाणे. म्हणाले अस्परजिलस नावाची बुरशी, अँटिबायोटिक पाजणं बंद कर.

पिलांचं व्हायचं ते होवो. बाबांना शुगर आहे, मागे टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला. आता खोकल्यात रक्ताचे धागे पडतात. बेडका निगेटिव्ह, सीबीनॅट (टीबीची मशीनवरची तपासणी) तीही निगेटिव्ह. एक्सरेत उजवीकडे वर जुना खड्डा, त्यात काहीतरी गोल. तरी एक डॉक्टर टीबीच्या गोळ्या पुन्हा चालू करू म्हणतात. कोठ्यात ढोरांना कुटार बाबाच टाकतात. पिलांची बुरशी त्यांना लागली का?

प्रतिसाद १ (ढोरांचा डॉक्टर)
नाही भाऊ. पिलापासून माणसाला काय, दुसऱ्या पिलालाही लागत नाही. सगळे एकाच कुटारातले बीजाणू ओढतात. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. कुटारावर पाणी शिंपडा, मग उचला. कोरडं झाडू नका. शेड धुऊन मोरचुदाचं पाणी मारा. आणि ते कुटार गाभण गाईपुढे टाकू नका, या बुरशीनं गाभ पडतो.

प्रतिसाद २ (छातीच्या वॉर्डातून)
टीबीनं पाडलेल्या खड्ड्यात ही बुरशी गोळा होऊन बसते, अस्परजिलोमा म्हणतात. तो काही आठवड्यात होत नाही, त्यामुळे यंदाच्या कुटारावर सगळं ढकलू नका. छातीचा सीटी आणि रक्तातली अस्परजिलस आयजीजी (या बुरशीविरुद्धच्या अँटिबॉडीची) तपासणी मागा. टीबी सिद्ध झाल्याशिवाय गोळ्यांची घाई नको. त्यातलं रिफाम्पिसिन हे औषध चालू असलं की बुरशीवरचं इट्राकोनॅझोल अंगाला लागतच नाही. दम्याचं स्टिरॉइड कोणी मेडिकलवरून आणून देत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. 2021 ची काळी बुरशी वेगळी, ती म्युकर. उगाच घाबरू नका. पण धाग्यांऐवजी अर्धा कप रक्त पडलं तर सकाळची वाट न बघता मोठा दवाखाना गाठा.

धागाकर्ता
आभार. सीटीला यवतमाळला नेतो. बाबा कोठा सोडायला तयार नाहीत, एन-95 लावला की जीव गुदमरतो म्हणतात. कोणाच्या घरच्या म्हाताऱ्यानं ऐकलं असेल तर कसं, तेवढं सांगा.