आई-बाबा प्रथमच युरोपला जात आहेत. तेथील फसवणुकीपासून सावध कसे राहावे?

जुळे सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. माझे आई-बाबा येत्या मे महिन्यात पॅरिस, व्हेनिस, रोम आणि प्राग असा प्रवास करणार आहेत. दोघेही निवृत्त शिक्षक आहेत आणि प्रकृतीने ठणठणीत आहेत. काशी, रामेश्वर, चारधाम या सर्व यात्रा त्यांनी स्वतः आरक्षणे करून पार पाडल्या असल्यामुळे याही वेळी पर्यटन कंपनीच्या सहलीबरोबर जाण्याची त्यांची तयारी नाही, आणि मलाही त्यांचा हा उत्साह मोडायचा नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. बाबांना कोणी हाक मारली की ते थांबतात, समोरच्याचे पूर्ण ऐकून घेतात आणि शक्य ती मदत करतात. सोलापुरात कोणी पत्ता विचारला, तर त्याला चौकापर्यंत सोडून येणारा हा माणूस आहे. पॅरिस आणि रोममध्ये नेमका याच स्वभावाचा गैरफायदा घेतला जातो असे ऐकले आहे. तेथे रस्त्यावर नेमके काय घडते, पैसे कसे बाळगावेत आणि कोणत्या ठिकाणी विशेष जपावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. शिवाय आपल्या शहरातील एका एजंटने जादा रक्कम घेऊन ‘व्हिसा खात्रीने मिळवून देतो’ असे सांगितले आहे. त्यावर विश्वास ठेवावा का?

पाच्छा पेठ

पॅरिसविषयी लिहिते. मी आणि माझी जाऊ तेथे राहून आलो आहोत आणि खाली वर्णन केलेले बहुतेक प्रकार आम्ही डोळ्यांसमोर घडताना पाहिले आहेत.

माँमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर हे मोठे पांढरे चर्च आहे. त्याच्या पायऱ्यांच्या तळाशी रंगीत दोरे घेतलेले तरुण उभे असतात. ‘इंडिया? नमस्ते!’ असे म्हणत ते हसून हात पुढे करायला लावतात आणि बोलता बोलता बोटाला किंवा मनगटाला दोरा विणून घट्ट गाठ मारतात. एकदा गाठ बसली की दोऱ्याचे पैसे मागितले जातात आणि तोवर त्यांचे दोन-तीन साथीदार भोवती येऊन उभे राहिलेले असतात. देवळात गुरुजींनी गंडा बांधायला घेतला की आपला हात आपोआप पुढे जातो, तसाच तो तेथेही जातो, म्हणून आपल्या मंडळींना हा धोका अधिक आहे असे मला मनापासून वाटते. तेथून जाताना हात खिशात किंवा छातीशी घडी घालून ठेवावेत, नजर पुढे ठेवावी आणि चालत राहावे. टेकडीवर जाण्यासाठी दोरखंडावर चालणारी छोटी रेल्वेही आहे. तिने गेल्यास तळाच्या पायऱ्यांवरची ही टोळी बहुतांशी टळते आणि आई-बाबांचे गुडघेही वाचतील.

लूव्र संग्रहालय आणि आयफेल टॉवर यांच्या परिसरात मुली हातात कागद लावलेली पाटी घेऊन फिरतात आणि मूकबधिर मुलांसाठी सही मागतात. सही झाली की देणगी मागितली जाते, आणि आपण वाचण्यात गुंतलो असताना दुसरी मुलगी पर्स उघडते. उपाहारगृहाच्या बाहेरच्या टेबलावर मोबाईल ठेवला असेल, तर तीच पाटी त्यावर ठेवून मोबाईल पाटीखालून उचलला जातो. म्हणून टेबलावर मोबाईल ठेवण्याची सवय येथूनच सोडायला सांगावे.

सेन नदीच्या काठी कोणीतरी वाकून सोन्यासारखी अंगठी उचलतो आणि ‘ही तुमची का?’ असे विचारतो. नाही म्हटले तरी ती हातात ठेवतो आणि मग खाण्यासाठी म्हणून पैसे मागतो. अंगठी पितळेची असते. पुलांवर आणि टॉवरजवळ तीन पेल्यांखाली गोळी लपवण्याचा खेळ चालतो. त्यात जिंकताना दिसणारी माणसे खेळवणाऱ्याचीच असतात, आणि नुसते पाहायला उभे राहणाऱ्यांचे खिसेही त्याच घोळक्यात कापले जातात.

या साऱ्या प्रकारांत पहिले बोलणे समोरच्याचे असते. बाबांना एवढेच पटवून द्यावे की ज्याला खरोखर पत्ता हवा आहे, तो पॅरिसमध्ये सोलापूरहून आलेल्या पाहुण्याला विचारणार नाही. तेथे न थांबणे हा उद्धटपणा समजला जात नाही. तेथील रहिवासीही या लोकांपुढून न बोलता निघून जातात.

एक गोष्ट बायकांच्या वतीने लिहिते. आईंनी पाटल्या, गंठण आणि सोन्याचे मंगळसूत्र घरी किंवा लॉकरमध्ये ठेवून साध्या मण्यांची पोत घालावी. आमच्या घरात यावरून बरीच चर्चा झाली होती, परंतु मेट्रोच्या गर्दीत गळ्याकडे सतत हात नेत फिरण्यापेक्षा हे कितीतरी बरे. मेट्रोत दाराशेजारी मोबाईल हातात घेऊन उभे राहू नये, कारण दार बंद होण्याच्या क्षणी तो हिसकावून चोर फलाटावर उतरतो आणि गाडी आपल्याला घेऊन पुढे निघते.

रेल्वे लाइन्स

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे पैशांपुरतेच लिहितो. वर ताईंनी सांगितलेले नुकसान डोळ्यांना दिसते. मी सांगतो ते पावतीवर सही करून होते आणि पुष्कळांना कळतही नाही.

दुकानात किंवा एटीएमवर भारतीय कार्ड घातले की पडद्यावर ‘रक्कम रुपयांत घ्यायची की युरोत?’ असा प्रश्न येतो. रुपये पाहिले की आपल्याला आपुलकी वाटते आणि बोट तिकडे जाते. परंतु रुपये निवडले की रूपांतराचा दर त्या यंत्राच्या बाजूने ठरतो आणि त्यात त्यांचा नफा मिळवलेला असतो. प्रत्येक वेळी स्थानिक चलन, म्हणजे फ्रान्स-इटलीत युरो आणि प्रागमध्ये कोरुना, हेच निवडावे. एटीएमवर ‘रूपांतराशिवाय पुढे जा’ अशा अर्थाचा पर्याय बहुधा लहान अक्षरांत आणि कोपऱ्यात असतो, तो शोधावा. रस्त्यावर सुट्या उभ्या असलेल्या यंत्रांऐवजी बँकेच्या इमारतीला जोडलेले एटीएम वापरावे.

प्रागविषयी विशेष सावधगिरी हवी. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असले तरी तेथे युरो नव्हे, कोरुना चालतो. जुन्या शहराच्या चौकात रस्त्यावर उभा असलेला माणूस चांगला दर सांगून युरो घेतो आणि बदल्यात भलत्याच देशाच्या नोटा हातात ठेवतो. हंगेरीच्या फोरिंटच्या नोटांवरचे आकडे मोठे असतात आणि किंमत फार कमी. बल्गेरियाच्या लेव्हच्या नोटाही अशाच खपवल्या जात; बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ पासून युरो स्वीकारल्यामुळे त्या आता दुकानात चालतही नाहीत. चलन बदलणाऱ्या दुकानांत ‘कमिशन शून्य’ अशी पाटी असते, परंतु दरातच सारे वसूल केलेले असते, म्हणून पैसे देण्यापूर्वी ‘शंभर युरोंचे हातात नेमके किती कोरुना मिळतील?’ असे विचारून आकडा कागदावर लिहून घ्यावा. एप्रिल २०१९ पासून तेथील कायद्याने ग्राहकाला मोठा आधार दिला आहे: १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच दुकानात पावती दाखवून रद्द करता येतो. म्हणून पावती घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

येथून निघताना फॉरेक्स कार्ड घ्यावे, त्यात थोडे थोडे पैसे भरत राहावे आणि बँकेच्या अ‍ॅपमधून ते बंद-चालू कसे करायचे हे दोघांनाही शिकवावे. दोन कार्डे दोघांकडे स्वतंत्र असावीत. रोख युरो थोडेच न्यावेत. आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय चालू झाले आहे ही आनंदाची बाब आहे, मात्र त्यामुळे रस्त्यात चिकटवलेला कोणताही क्यूआर कोड स्कॅन करण्याचा मोह होऊ देऊ नये.

साध्या वेशातील कोणी ओळखपत्र झळकवून ‘पोलीस आहोत, खोट्या नोटा तपासायच्या आहेत, पाकीट दाखवा’ असे म्हणाला, तर पाकीट काढू नये. ‘पोलीस ठाण्यात चला, तेथे दाखवतो’ असे सांगावे आणि ११२ हा संपूर्ण युरोपीय संघात चालणारा आपत्कालीन क्रमांक लावण्यासाठी मोबाईल हातात घ्यावा. भामटा एवढ्यानेच निघून जातो.

होटगी रस्ता

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. तरीही माझे मत असे की पहिल्या वेळी सहल कंपनीबरोबर जाणे अधिक सुरक्षित. मार्गदर्शक सोबत असतो, भाषा येते आणि अडचण आली तर जबाबदार माणूस असतो.

व्हिसाच्या एजंटबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: खात्री देणाऱ्यापासून दूर राहावे. व्हिसाचा निर्णय संबंधित देशाचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास घेतो. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रालाही तो अधिकार नाही, मग एजंटला कोठून असणार? फ्रान्स, इटली, चेक प्रजासत्ताक अशा युरोपातील अनेक देशांत मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे. त्यावर केंद्राचे सेवाशुल्क लागते आणि त्याची पावती मिळते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा मे महिन्यासाठी घाई आताच करावी. उशीर झाला की अर्ज सादर करण्याच्या वेळा विकणाऱ्यांच्या हाती सापडायला होते. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, आणि वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी दोघांना मुंबई-पुण्याकडे स्वतः जावेच लागेल. एजंटने खोटे हॉटेल आरक्षण किंवा खोटा बँक दाखला जोडला, तर नकार अर्जदाराच्या नावावर नोंदला जातो, एजंटच्या नव्हे. एवढ्या वर्षांची स्वच्छ नोकरी केलेल्या शिक्षकांवर असा डाग कशासाठी?

पाच्छा पेठ

होटगी रस्ता यांच्या सहलीबाबतच्या मताशी मी नम्रपणे असहमत आहे. झेंडा उंच धरलेल्या मार्गदर्शकाभोवती सर्वजण माना वर करून ऐकत असतात, आणि खिसेकापूंना त्याहून सोयीचा घोळका मिळत नाही. सहलीत आरक्षणांची काळजी मिटते हे खरे, पण पर्स स्वतःलाच सांभाळावी लागते.

विजापूर रस्ता

माझी मुलगी इटलीत शिकत असल्याने तेथील काही गोष्टी सांगतो. रोमच्या तेर्मिनी स्थानकावर तिकीट यंत्राशेजारी मदतीला धावून येणारे लोक रेल्वेचे कर्मचारी नसतात. ते बटणे दाबून देतात आणि सुटे पैसे स्वतःकडे ठेवतात. तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे. प्रादेशिक गाडीचे छापील तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात शिक्का मारून घ्यावे, अन्यथा दंड होतो. ती फसवणूक नव्हे, नियम आहे.

कलोसियम या रोममधील प्राचीन प्रेक्षागाराच्या तिकिटांवर ऑक्टोबर २०२३ पासून प्रवाशाचे नाव असते, त्यामुळे दारात उभ्या असलेल्या माणसाकडून तिकीट घेऊ नये. या तिकिटांच्या साठेबाजीबद्दल इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२५ मध्ये काही कंपन्यांना मिळून सुमारे दोन कोटी युरोंचा दंड केला, यावरून त्यात किती पैसा आहे हे लक्षात येईल. कलोसियमबाहेर जुन्या रोमन सैनिकाच्या वेशात फोटोला उभे राहणारे लोक नंतर मनमानी रक्कम मागतात.

व्हेनिसमध्ये गोंडोल्याचा अधिकृत दर दिवसा तीस मिनिटांसाठी ९० युरो आणि सायंकाळी सातनंतर ११० युरो आहे. तो माणशी नसून संपूर्ण नावेचा आहे, हे बसण्यापूर्वी स्पष्ट बोलून घ्यावे. आई-बाबा शाकाहारी असतील तर एक भीती कमी: मासळीचा दर तेथे अनेकदा शंभर ग्रॅमवर लिहिलेला असतो आणि बिल पाहून लोक हबकतात. बिलात ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचे शुल्क, म्हणून माणशी एक-दोन युरो लावलेले असतात, ते मेन्यूवर छापलेले असतील तर द्यावेत; त्यावरून वाद घालू नये.

जुळे सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एजंटला आजच नकार कळवला. बाबांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला; दोऱ्याची गोष्ट त्यांना लगेच पटली. आता आईचा एक प्रश्न आहे: मूळ पासपोर्ट अंगावर बाळगावा की हॉटेलच्या तिजोरीत ठेवावा? आणि इतके करूनही तो गेलाच तर काय करायचे?

रेल्वे लाइन्स

गाव बदलण्याच्या दिवशी पासपोर्ट शर्टाच्या आत, कमरेच्या पातळ पट्ट्यात असावा, कारण सीमा ओलांडणाऱ्या गाड्यांत तो तपासला जाऊ शकतो. इटलीत परदेशी व्यक्तीकडे पोलीस ओळखपत्र मागू शकतात, तेव्हा तेथे मी इतर दिवशीही तो आत बाळगणेच पसंत करीन. दोघांचे पासपोर्ट एकाच पट्ट्यात मात्र ठेवू नयेत.

गेलाच तर प्रथम जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. दूतावास आणि विमा कंपनी दोघेही ती मागतात. पॅरिस, रोम आणि प्राग या तिन्ही ठिकाणी भारताचा दूतावास आहे. भारतात परतण्यासाठी तेथून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळते, परंतु ते एकाच बाजूच्या प्रवासाचे असते, त्यामुळे पुढचा दौरा सोडून परतावे लागते. पासपोर्टची पहिली आणि शेवटची पाने, व्हिसाचे पान, विम्याची पॉलिसी आणि प्रत्येकी चार फोटो, यांच्या छापील प्रती आई-बाबांनी एकमेकांच्या बॅगेत ठेवाव्यात, आणि त्याच प्रती तुमच्या ईमेलमध्येही असाव्यात. तेथे दुपार असते तेव्हा सोलापुरात संध्याकाळ झालेली असते. तेव्हा त्या प्रवासाच्या काळात रात्री झोपताना मोबाईलचा आवाज बंद करू नका.